बोटभर माया

“पैज लावतो, तुमचा विश्वास बसणार नाही,” म्हातारा शिंपी दातानं दोरा तोडत म्हणाला. पँटची लांबी कमी करून घ्यायला आलेला ड्रायव्हर बाकावर बसला होता आणि कोपऱ्यात शिंप्याची बायको काजं करत होती. तेवढे दोन श्रोते त्याला भरपूर होते. “माझ्या उजव्या पायाला जखमेनं भोक पाडलं होतं. ते मी शिवून घेतलं, माझ्याच रक्ताला कामाला लावून!”

त्याचं झालं असं. साखरेनं पाय बधिर झालेले, त्यामुळे टाचेत सुई घुसली ती शिंप्याला कळलीच नाही. बटणाएवढी जखम चार महिन्यांत बशीएवढी झाली. वास असा सुटला, की गिऱ्हाईक दारातूनच माप सांगून पळायचं. शेवटी सर्जननं घोट्याच्या वर निळ्या पेनानं रेघ ओढली. त्या रेघेचा अर्थ शिंप्याला कुणी समजावायला नको होता. रेघ मारली की तिथं कात्री चालते. जन्मभर त्यानं दुसरं केलं काय होतं? त्याच पायावर मशीन चालायचं आणि मशीनवर घर. त्यानं हातापाया पडून तीन आठवडे मागून घेतले. तेवढ्यात जखम भरली नाही, तर चौथ्या गुरुवारी ऑपरेशन.

भाची औषधांच्या प्रयोगशाळेत होती. सर्जनच्या संमतीनं तिनं जेलची पट्टी आणली.

“मामा, जखमेत जंतूंशी भांडायला पांढऱ्या पेशी येतात. तुझ्या पेशींना थांबायचं भानच नाही, चांगलं मांससुद्धा कुरतडतायत. ही पट्टी त्यांना सांगते, भांडण बास, आता भरायला घ्या.”

“म्हणजे उसवणाऱ्यांनाच शिवायला बसवायचं?”

“अगदी तसंच.”

“गुणाची गं माझी बाय!”

दर तीन दिवसांनी बायको पट्टी बदलायची आणि शिंपी गळ्यातला टेप जखमेवर धरायचा. सव्वातीन इंच. पुढच्या खेपेला सव्वातीनच. मग साडेतीन. जन्मभर टेपच्या शब्दावर चाललेला माणूस, पण त्या दिवशी त्यानं टेप भिंतीवर भिरकावला आणि ट्रायलच्या पडद्याआड जाऊन तोंडात कापडाचा बोळा कोंबून रडला. सहा दिवस उरले होते.

“आणि तेव्हा माझी ट्यूब पेटली,” शिंप्याचे डोळे लुकलुकले. “भाचीनं पट्ट्या जखमेच्या बरोब्बर मापात कापलेल्या! मी म्हटलं, अगं शहाणे, माया कुठाय? शिवणीपलीकडे बोटभर कापड सोडल्याशिवाय टाका धरतो का कधी? पोरगी खजील झाली. नवी पट्टी आली बोटभर मोठी. आणि काय सांगू, पेशी धावल्या ना कडेकडेनं! तिसऱ्या दिवशी कातडी इतकी वाढली, की हिला दुमडून तुरपाई घालावी लागली. गुरुवारी सर्जननं पट्टी उचलली, तर आत दोन बटणंसुद्धा लागलेली!”

ड्रायव्हर पोट धरून हसला. “काका, तुमच्या जिभेला हात जोडले!”

बायकोनं सुई कापडात खोचली.

“खोटं बोलतायत,” ती म्हणाली.

“अगं, गिऱ्हाइकासमोर...”

“माया भाचीनंच सोडली होती. पहिल्या पट्टीपासून, चारही बाजूंनी बोटभर. दहादा बजावलं होतं तिनं, मामी, कड झाकलेली राहू दे, नवी कातडी कडेनंच येते. पण यांना कडेला झोळ दिसायचा. पट्टी लावून मी हात धुवायला वळले, की हे कात्रीनं मापात कापून वर फडकं गुंडाळायचे. सगळ्या पट्ट्या. मला कळलं ते गुरुवारच्या ऑपरेशननंतर, मशीनखालच्या चिंध्यांत.” तिनं ड्रायव्हरकडे पाहिलं. “बटणं लागली म्हणे! सांगा त्यांना, उजवा बूट काढून दाखवा म्हणावं.”