जमिनीत घुसलेला दगड

धाकट्या दिराचा क्लास चपलांच्या दुकानावर होता आणि तिथला जिना चढताना बाईंच्या कपाळावर नेहमीच आठी पडे. बाई शाळेत भौतिकशास्त्र शिकवत. दीर आधी विमा विकायचा, मग पंखे विकायला लागला, आणि आता गणित विकत होता. 'कुठलंही गणित पाच पायऱ्यांत' असा फलक त्याने दारावर लावला होता. दिलेलं लिहा, काढायचं लिहा, सूत्र लिहा, किमती भरा, उत्तराला एकक लावा. मुलं हे तालात म्हणायची. नुसती पोपटपंची आहे, असं बाईंनी त्याला तोंडावर सांगितलं होतं. त्यावर तो हसून म्हणाला होता, "वहिनी, पोपटच पास होतात."

क्लासच्या नव्या पुस्तकासाठी त्याने बाईंकडून गणितं सोडवून घेतली होती. बाईंनी प्रत्येक पायरीखाली ती का घेतली ते एका ओळीत लिहिलं. छपाईचा नमुना आला तेव्हा त्या सगळ्या ओळी गायब होत्या. "'का' हे कोण वाचतं?" दीर म्हणाला. बाईंनी नाक मुरडलं, पण घरातला माणूस म्हणून गप्प बसल्या.

मग पालकांसाठी कार्यक्रम ठरला. कुणीही गणित घालावं, दीर ते फळ्यावर सोडवून दाखवणार. "तुम्ही फक्त पुढच्या रांगेत बसा. शाळेतल्या बाई आल्यात म्हटलं की वजन पडतं." नवऱ्यानेही भीड घातली आणि बाई गेल्या.

क्लासचा हॉल खचाखच भरला होता. दिराची मुलगी खिडकीपाशी मैत्रिणींत बसली होती. एका आईने उठून बाईंच्या शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न वाचला. "ऐंशी मीटर उंच मनोऱ्यावरून दगड सोडला. पाच सेकंदांत तो किती अंतर पडेल? गुरुत्व त्वरण दहा धरा."

बाई सावरून बसल्या. प्रश्न त्यांनीच काढला होता, आणि त्यातली मेख त्यांना ठाऊक होती. आता हा काय करतो ते बघू, असं त्यांच्या मनात आलं.

दिराने बाह्या सरसावल्या. सूत्र लिहिलं. दहाचे निम्मे पाच, पाचाचा वर्ग पंचवीस, गुणाकार एकशे पंचवीस. शेवटी 'मीटर' लिहून त्याने खाली दोन रेघा ओढल्या. टाळ्या पडल्या. पालकांनी उत्तर उतरवूनसुद्धा घेतलं.

"भाऊजी," बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मनोरा केवढा आहे?"

"ऐंशी मीटर. दिलेलंच आहे की."

"मग दगड पंचेचाळीस मीटर जमिनीत घुसला म्हणायचा."

कुणीतरी फिसकन हसलं. दीर जराही गडबडला नाही. "खाली विहीर नाही, असं प्रश्नात कुठे म्हटलंय?" तो म्हणाला, आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

हे मात्र बाईंना सोसवलं नाही. त्या उठल्या आणि त्याच्या हातातून खडू घेतला. "आधी दगड जमिनीवर कधी पोचतो ते काढायचं. ऐंशी म्हणजे पाच गुणिले वेळेचा वर्ग. तर वर्ग किती?"

आई-वडील मुलांकडे आणि मुलं पाच पायऱ्यांच्या फलकाकडे बघत होती. इतक्या डोक्यांत मिळून एक भागाकार होईना, बाईंना कीव यायला लागली.

"सोळा," खिडकीजवळून आवाज आला. दिराची मुलगी उभी राहिली होती. "म्हणजे वेळ चार सेकंद. पाचव्या सेकंदाला दगड खाली पडलेला असेल. अंतर ऐंशीच."

"खाली बस," तिचा बाप म्हणाला.

ती बसली. तिचे कान लाल झाले होते. पहिल्या रांगेतल्या एका वडिलांनी हात वर केला. "बाई, पण ही पायरी पाचांतली कितवी?"

बाईंनी खडू टेबलावर ठेवला आणि जिना उतरून घरी आल्या.

घरी नवरा म्हणाला, "चारचौघांत कशाला बोललीस?" बाई म्हणाल्या, "चारचौघांत चुकला म्हणून." त्यांनी पुस्तकातली आपली गणितं परत मागून घेतली. दिराने अबोला धरला, पण क्लासला त्याने काही फरक पडला नाही. उलट गर्दी वाढली. फलकावर आता सहावी पायरी आली होती, 'उत्तराचा विचार करा', आणि मुलं तीही तालात म्हणायला लागली. ते ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला.

एका दुपारी पुतणी दप्तर घेऊन स्वयंपाकघरात आली. "काकू, मी बाबांच्या क्लासला जायचं बंद केलंय. ते माझ्याशी बोलत नाहीत."

"माझ्याशीही नाही. शांतता आहे. बस."

मुलीने उतारावरच्या गाडीचं गणित काढलं आणि वही उघडून सवयीने 'दिलेलं' असं लिहिलं.

"खोड ते," बाई म्हणाल्या. "आधी गाडी कुठे चाललीये ते सांग."

"खाली."

"कशावरून?"

मुलगी पेन्सिल चावत विचार करू लागली. बाईंनी भांडी घासून पालथी घातली, पण उत्तर काही सांगितलं नाही.