शरयूची पसंती

"नाही नाही, तो गव्हर्नर कॅन्सल!" शिऱ्याचा घास तोंडात टाकत अरुणने निकाल दिला. "अनुभव आहे, पण डिबेटमध्ये घाम फुटतो त्याला."

अमेरिकेतल्या कॅरी गावात मालिनीच्या घरी सत्यनारायणाची पूजा आटोपली होती. मंडळी ताटं घेऊन गोल बसली होती आणि पुढच्या मे महिन्यातल्या प्रायमरीसाठी, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडणाऱ्या मतदानासाठी, पक्षाचे इच्छुक एकेक करून चाळणीतून निघत होते. यात अरुणचा शब्द अखेरचा. सगळ्या चॅनेलांवरच्या चर्चा तो कोळून प्यायला होता.

"आणि तो तरुण सिनेटर, काका? बोलतो मस्त यार," शंतनू म्हणाला. तो नुकताच नागपूरहून नोकरीला आला होता.

"बोलेल रे! पण निभावेल का? मागचं-पुढचं नीट बघायला नको?"

मठ्ठ्याचा जग घेऊन फिरणाऱ्या शरयूला हसू आलं. ही तर स्थळं बघण्याचीच भाषा! साताऱ्याच्या बैठकीत अरुणच्या माणसांनी तिलाही असंच तोललं होतं. उंची बरी, रंग सावळा, पण शिकलेली आहे. मुलाकडून होकार आला, घरात पेढे वाटले गेले. तुला मुलगा पसंत आहे का, हे मात्र तिला कुणी विचारलं नाही. अरुण नवरा म्हणून चांगलाच निघाला, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण विचारलं नाही ते नाहीच, आणि ते तिला अजून सलत होतं.

"वेट, काका," मालिनीची मुलगी अनिका मध्येच म्हणाली. "हू हिअर कॅन ॲक्चुअली व्होट? आय ॲम ओन्ली फिफ्टीन."

मत फक्त नागरिकांना; सगळ्यांनी हिशेब केला. शंतनू व्हिसावर. मालिनीकडे ग्रीन कार्ड. अरुणला कधीच नागरिकत्व मिळालं असतं, पण भारतीय पासपोर्ट सोडायचं नाव काढलं की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. दुपारभर लग्न जमवणाऱ्या या मंडळींत अक्षता टाकायला कुणीच नव्हतं.

शरयूने जग खाली ठेवला आणि हात वर केला.

"मी. जूनमध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली."

शपथेला अरुणनेच तिला नेलं होतं, येताना आइस्क्रीमही चारलं होतं. पण चारचौघांत हा विषय त्याने कधी काढला नव्हता. आज तिनेच काढला, आणि अभिमानाने तिचा ऊर भरून आला.

मग काय! "काकू, सिनेटरच हं!" "शरयू, त्या बाई उभ्या आहेत ना, त्यांचा विचार कर गं!" सगळे तिच्याकडे वळले.

"तिला काय सांगताय? मी म्हणेन त्यालाच..." अरुण बोलता बोलता थांबला. बायकोकडे वळला. मग जरा चाचरतच म्हणाला, "तुला... तुला कोण पसंत आहे?"

हा प्रश्न ऐकायला शरयूला साताऱ्याहून इतक्या लांब यावं लागलं होतं. तिने उत्तराची घाई केली नाही.

"बघतेय अजून. मे महिन्यापर्यंत वेळ आहे. आणि पसंत पडला तरी सांगेनच असं नाही."

हशा पिकला. अरुणही हसला, पण सगळ्यांच्या नंतर. मग तो उठला आणि जग त्याने उचलला.

"बस तू," तो म्हणाला.

त्याच्या खुर्चीवर शरयू बसली. अरुणने पहिला पेला तिच्यासमोर भरून ठेवला आणि तो पुढे वाढत गेला.