फुलीचे लंगोट

भूगोलसरांनी जन्मात कधी लंगोट धुतला नव्हता. पण लंगोट कसा धुवावा याचा तक्ता मात्र त्यांनी स्वतःच्या हातांनी, चार रंगांत, पट्टीने रेघा मारून काढला होता आणि न्हाणीघराच्या दारावर लावला होता. पहिला नियम : खराब लंगोट लगेच गार पाण्यात टाकावा. दुसरा : साबण मोजका. तिसरा : उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवावा, त्याशिवाय जंतू मरत नाहीत. चौथा : कडक उन्हात वाळवावा. हे सगळं करायचं कोणी, हा पाचवा नियम तेवढा लिहायचा राहून गेला होता.

करायची त्यांची बायको. ती शिवणकारखान्यात कटर होती आणि तिथे तिला सगळे कात्री म्हणायचे. साठ-साठ थर एकावर एक अंथरलेलं कापड ती असं कापायची की सगळ्यात वरचा तुकडा आणि सगळ्यात खालचा तुकडा जुळी भावंडं वाटावीत. कापडावरून नुसतं बोट फिरवलं की सुलटी बाजू कुठली, उलटी कुठली, ते तिला डोळे मिटून कळायचं. मुलगी झाली, कात्री घरी बसली आणि चार महिन्यांत त्याच बोटांची सालटं निघाली. टोकांना भेगा पडल्या. ओढणीवरून हात फिरवला तरी धागे बोटात अडकायला लागले.

एकदा तिने बोटं नवऱ्यापुढे धरली. "अहो, हे बघा काय झालंय."

सरांनी पेपर खाली न घेता सांगितलं, "तेल लाव. होईल बरं."

आता एक गोष्ट सांगून टाकायला हवी, नाहीतर कोणी म्हणेल की कात्रीला लंगोटांचाच तिटकारा होता. मुळीच नव्हता. पहिले चोवीस लंगोट तिनेच मऊ फ्लॅनेल आणून कापले होते, कडा दुमडून शिवले होते. बाळाला ते मानवतही होते. प्रश्न लंगोटाचा नव्हताच. सरांनी वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या शाळेसमोर, माइक हातात घेऊन, छातीवर हात ठेवून जाहीर केलं होतं की आमच्या घरात एकही डायपर येणार नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. तेव्हापासून सर जे फुगले ते फुगलेच. वॉर्डातल्या 'कचरामुक्त घर' स्पर्धेत त्यांनी नाव घातलं. जिन्यात कोणी भेटलं की सर आधी लंगोटांवर यायचे आणि मग हवापाण्यावर. "एक मूल हजारो डायपर फेकतं हो, हजारो!" असं ते डोळे मोठे करून सांगायचे, आणि त्याच वेळी मागे न्हाणीघरात बायको ब्रश घासत असायची. ऐकणाऱ्याला तो आवाज ऐकू यायचा. सरांना कधी आला नाही.

अशात एक दिवस कारखान्याच्या मालकीणबाईंचा फोन आला.

"अगं कात्री, जुना मास्तर चाललाय सोडून. मोठं टेबल तुला द्यायचं मनात आहे. पण माझा भाचाही डोळे लावून बसलाय. या आठवड्यात तीन दिवस ये, हात कसा चालतोय बघते. चालला तर एक तारखेपासून टेबल तुझं. नाहीतर मग भाच्याला बसवते, मला थांबता येणार नाही."

मोठं टेबल म्हणजे कटिंग मास्तरचं टेबल. त्यासाठी कात्रीने नऊ वर्षं हाताखाली काढली होती. फोन ठेवला आणि ती बाळाला कडेवर घेऊन घरभर नाचली. मग तडक कोपऱ्यावरच्या पाळणाघरात गेली. पाळणाघरातल्या काकू स्वभावाने गोड होत्या आणि बोलायला रोखठोक.

"सोड की बाळाला खुशाल. पण डायपर लावून. माझ्याकडे नऊ पोरं आणि एक नळ. लंगोट धुवायला मी बसले तर पोरांना कोण बघणार?"

त्यांनी फॉर्म दिला. खाली आई आणि वडील, दोघांच्या सह्या लागत होत्या.

सरांनी फॉर्म वाचला आणि असा बाजूला सारला जणू कोणी त्यांना कॉपी पुरवत होतं.

"शक्य नाही. मी शाळेला शब्द दिलाय."

"आणि माझ्या टेबलाचं काय?"

"टेबल काय, पुढेमागे मिळेल. पृथ्वी एकच आहे."

"पृथ्वीचे लंगोट मी धुतेय ना चार महिने!"

"अगं, त्यात काय एवढं? पद्धतशीर केलं तर दिवसातून तासाभराचं काम. तक्ता लावलाय समोर. तुझं नियोजन चुकतं."

कात्रीला संताप आला. मग तिने बाळाला अलगद उचललं आणि सरांच्या मांडीवर ठेवलं. "छान. तुमच्या शाळेला सुट्टी आहे. तीन दिवस मी कारखान्यात जाते. तुम्ही नियोजन करा."

सर माघार घेणाऱ्यातले नव्हते, निदान कोणी बघत असताना तरी नाही, आणि नेमके तेव्हा शेजारचे काका दारात उभे होते. "अवश्य!" सर म्हणाले. "पुरुषाने का करू नये? मी तर उदाहरणच घालून देईन." काकांनी मान डोलावली. स्पर्धेची परीक्षक मंडळी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घर बघायला येणार होती, हेही सरांनी काकांना जाता जाता ऐकवलं.

जुने लंगोट धुऊन धुऊन विरले होते, म्हणून त्याच संध्याकाळी कात्रीने नवे बारा कापले आणि शिवले. कारखान्याची सवय अशी की उलट्या बाजूच्या कोपऱ्यात मेणाच्या खडूने फुली मारल्याशिवाय तुकडा हातावेगळा करायचा नाही. तिने सवयीने बारा फुल्या मारल्या. हा खडू गार पाण्याला दाद देत नाही. इस्त्री फिरली किंवा उकळतं पाणी लागलं की मात्र मेण वितळतं आणि खूण पुसली जाते. पहिल्याच धुण्यात जाईल म्हणून तिने पुसायचे कष्ट घेतले नाहीत. जुने विरलेले लंगोट तिने फरशी पुसायला काढले आणि नवे बारा सरांच्या हवाली केले.

पहिल्या दिवशी ती परतली तेव्हा गॅलरीत बारा लंगोट ओळीने वाळत होते. बाळ हसत होतं. सर पुस्तक वाचत होते.

"जमलं?" तिने विचारलं.

"त्यात न जमण्यासारखं काय आहे?"

दुसऱ्या दिवशीही तेच. घर लख्ख, बाळ खूश, दोरी भरलेली आणि सर ताजेतवाने. कात्री त्या दिवशी न्हाणीघरात जाऊन रडली, हे कबूल केलेलं बरं. आपण चार महिने जे करताना मोडून गेलो ते हा माणूस पुस्तक वाचता वाचता करतो, म्हणजे खोट आपल्यातच होती, असं तिला वाटलं. कारखान्यातही काही बरं चाललं नव्हतं. भेगाळलेल्या बोटांना कापड नीट लागत नव्हतं, आणि मालकीणबाईंचा भाचा टेबलाच्या टोकाला उभा राहून दात कोरत बघत होता. उद्याचा एकच दिवस उरला होता.

तिसऱ्या दिवशी मात्र हात बसला. दोन दिवस पाण्यात न गेलेली बोटं थोडी भरून आली होती. कात्रीने गणवेशांचा साठ थरांचा गठ्ठा एका दमात कापला. मालकीणबाईंनी वरचा आणि खालचा तुकडा एकमेकांवर ठेवून बघितला आणि नुसतं म्हणाल्या, "एक तारखेला ये." भाचा दात कोरायचा थांबला.

ती धावतच घरी आली तर बाहेरच्या खोलीत परीक्षक मंडळी बसलेली. एक चष्मेवाल्या बाई आणि दोन गृहस्थ. सर तक्त्याकडे बोट दाखवून बोलत होते, अगदी वर्गात नकाशा समजावून द्यावा तसे.

"आज बाराही मी धुतले. गार पाणी, साबण, मग उकळत्या पाण्यात अर्धा तास. एकही नियम चुकवला नाही."

"ताई, नशीब काढलंत हो तुम्ही," चष्मेवाल्या बाई कात्रीला म्हणाल्या. "नाहीतर आमच्याकडे बघा, चहाचा कप उचलत नाहीत."

कात्री कसंनुसं हसली आणि गॅलरीत गेली. तिने दोरीवरचा पहिला लंगोट हातात घेतला. ओला होता. कोपरा उलटला. फुली होती. दुसरा उलटला, तिसरा उलटला. बाराच्या बारा फुल्या, कालपरवा मारल्या तशाच ठसठशीत. या कापडाला तीन दिवसांत उकळतं पाणी लागलेलंच नव्हतं, आणि डागही एक नव्हता. सर रोज सकाळी कोरे लंगोट बादलीत बुचकळत होते आणि दोरीवर टांगत होते, एवढंच.

मग बाळाला काय लावत होते? तिची नजर दारामागे गेली. तिथे सरांची नकाशे ठेवायची लांब नळी उभी होती, जी सुट्टीत माळ्यावर असते. तिने झाकण काढलं आणि वासावरूनच कळलं. आत नकाशे नव्हते. गुंडाळलेले डायपर एकावर एक ठासून भरले होते. दोन्ही संध्याकाळी 'जरा शाळेत जाऊन येतो' म्हणून ही नळी खांद्याला लावून सर गेले होते, ते कुठल्याशा लांबच्या कचराकुंडीवर.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डायपर वापरले म्हणून नव्हे. काल ती न्हाणीघरात रडली, म्हणून. एक शब्द बोलायचा अवकाश, या माणसाचं सगळं पितळ त्या तिघांसमोर उघडं पडलं असतं. तो शब्द तिने जिभेवर घोळवला, त्याची चव घेतली, आणि गिळला. नळीचं झाकण लावून ती बाहेर आली आणि पाहुण्यांना पाणी दिलं. पहिलं बक्षीस तिथल्या तिथेच जाहीर झालं. आता वर्षभर हे घर आदर्श म्हणून लोकांना दाखवलं जाईल, कोणीही कधीही सकाळी येऊन बघेल, असं एका गृहस्थांनी सांगितलं. सर मान झुकवून उभे होते. विनय त्यांना शोभत नव्हता, पण त्यांनी तो अंगावर घेतला होता.

मंडळी गेली. कात्रीने पाळणाघराचा फॉर्म टेबलावर ठेवला आणि पेन उघडलं.

"पुन्हा तेच?" सर म्हणाले. "आत्ता बक्षीस मिळालंय घराला!"

"भरून तर ठेवते. सही नंतर बघू." ती खाली मान घालून लिहू लागली. "बाळाचं वय... वजन... डायपरचा साइज काय लिहू हो?"

"मीडियम," सर म्हणाले. "स्मॉल मांडीला काचतो."

कात्रीने शांतपणे 'मीडियम' लिहिलं. मग उठून गॅलरीतून एक लंगोट आणला, फुली वर करून टेबलावर पसरला आणि शेजारी नकाशांची नळी उभी केली.

"हा मेणाचा खडू आहे. उकळत्या पाण्यात जातो. तुमचा तिसरा नियम."

सरांचा चेहरा पडला. "अगं, पहिल्या दिवशी बादली भरून बसलो होतो मी. खरंच बसलो होतो. पण पोरगी सारखी... आणि पाठ धरली माझी... आणि परीक्षक यायचे होते. जे केलं ते शब्दासाठीच केलं ना?"

"माझं नियोजन चुकत होतं, नाही का?"

सरांनी नळीचं झाकण उगाच घट्ट केलं.

"सही करा."

त्यांनी केली. सही नेहमीसारखी लफ्फेदार होती, सवय ती सवय. मग हळूच म्हणाले, "शाळेत कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही गं."

"मी नाही सांगणार," कात्री म्हणाली. "पण कोणीही कधीही सकाळी येऊन बघणार आहे, ऐकलंत ना? तेव्हा दोरी रोज भरलेली दिसली पाहिजे. आणि नुसते बुचकळून नाही चालायचं. तक्त्याप्रमाणे."

एक तारखेपासून कात्री मोठ्या टेबलावर उभी राहिली. बाळ पाळणाघरात डायपर लावून, हातपाय झाडत, मजेत राहू लागलं. आणि भूगोलसर रोज पहाटे उठून कोऱ्या करकरीत, बाळाने नजरेनेही न पाहिलेल्या लंगोटांना साबण लावू लागले, उकळू लागले, पिळू लागले. फसवायची सोय नव्हती. कारखान्यातून आल्यावर, चप्पल काढायच्या आधी, कात्री दोरीवरून बारा लंगोट उतरवायची, कोपरे तपासायची आणि खिशातून खडू काढून बारा नव्या फुल्या मारायची.

दीड महिन्याने एका संध्याकाळी ती अशीच फुल्या मारत बसली होती. सर समोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटांची सालटं निघाली होती, टोकांना भेगा पडल्या होत्या.

"हे बघ काय झालंय," ते म्हणाले.

कात्रीने बघितलं. नीट, एकेक बोट बघितलं. मग बारावी फुली मारून तिने खडू खिशात टाकला.

"तेल लावा," ती म्हणाली. "होईल बरं."