रेघेअलीकडची जांभळी

मित्रांनो, मी एक जुनी डुकरीण आहे. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मी थांबते. थांबणं मला चांगलं जमतं. माझी सगळी गोष्टच थांबण्याची आहे.

माझा जन्म छावणीपलीकडच्या एका मोकळ्या जागेत झाला. तिथं केसरबाई डुकरं पाळायच्या. आम्ही आठ भावंडं, त्यांत मी शेवटची आणि सगळ्यांत मरतुकडी. त्या साली पाऊस झालाच नाही म्हटलं तरी चालेल. नाला आटला, गवत करपलं, इमारतींचे पाये मात्र जिकडंतिकडं खणले जात होते. शहराला आमची जागा हवी होती. केसरबाईंनी डुकरं विकली. मी एवढीशी म्हणून व्यापाऱ्यानं मला घेतलंच नाही. मग केसरबाई बायपासजवळच्या एका बांधकामावर विटा वाहायला लागल्या आणि मला पाटीत घालून सोबत नेऊ लागल्या.

बांधकामासमोर पद्मजाताईंचं घर. एका दुपारी केसरबाई तिथं पाणी मागायला गेल्या आणि पाटीतून मी डोकं बाहेर काढलं. ताईंनी पाण्याचा तांब्या केसरबाईंच्या हाती दिला आणि मला पदरात घेतलं. आता, या घरात सासऱ्यांनी जन्मभर लोकांच्या पूजा सांगितलेल्या. यजमान मुकुंदराव क्रांती चौकाजवळच्या एका कचेरीत कारकून. संध्याकाळी ते घरी आले, तर स्वयंपाकघरात मी.

"अगं, वराह देवळात असतो," ते म्हणाले. "ओट्याखाली नसतो."

"अहो, दोनच दिवस. जरा जीव धरला की देऊन टाकू."

ते दोन दिवस अजून संपायचे आहेत.

ताईंनी माझं नाव जांभळी ठेवलं, रंग बघून. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं. कुकरच्या शिट्टीला मी किंचाळायचे, तेव्हा रोज शिट्टी व्हायच्या वेळी त्या मला मांडीवर घेऊन बसायच्या. महिनाभरात मी शिट्टीला शेपूट हलवायला लागले. मुकुंदराव पेपर वाचताना पायाच्या अंगठ्यानं माझं पोट खाजवायचे, पण कुणी पाहिलं की पाय मागं घ्यायचे.

लाड म्हणजे वळण नव्हे, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. ताई मला हातानं घास भरवायच्या. मला वाटलं, प्रत्येक हात घासच घेऊन येतो. दूधवाल्याच्या हाताला मी तोंड लावलं तेव्हा गल्लीभर बोभाटा झाला. वर्षभरात मी पाटीत मावेना, मग दारातही नीट मावेना.

तरीही निभावलं असतं. पण आमचं पुढचं अंगण दोन घरांचं होतं. पलीकडं वहिदाभाभी राहायच्या. मध्ये भिंत घालायचं कधी कुणाला सुचलं नाही. इकडून पुरणपोळी जायची, तिकडून शीरखुर्मा यायचा. मी आले तसं वहिदाभाभींनी अंगण अर्धं केलं. भांडण नाही, टोमणा नाही. नुसतं सांगितलं, "ताई, ये जानवर हमारे में नहीं चलता. तुमचं तुमच्याकडं सांभाळा, बस."

दुष्काळात टँकर आठ दिवसांनी यायचा. त्यांचं पाण्याचं टिपाड अंगणाच्या त्यांच्या बाजूला असायचं. मित्रांनो, डुकराला घाम येत नाही. ऊन चढलं की आम्हाला चिखल लागतो, नाहीतर अंग भाजून निघतं. ताई भांडी घासलेलं पाणी माझ्या अंगावर ओतायच्या, पण त्या उन्हाळ्यात भांडी राखेनं घासायची वेळ आली होती. एका दुपारी मला टिपाडाखालची ओल दिसली. मी धावले. नुकतंच भरलेलं टिपाड हललं, झाकण पडलं आणि पाण्यात माझं तोंड गेलं. काय गार होतं म्हणून सांगू!

वहिदाभाभी दारात येऊन उभ्या राहिल्या. आठ दिवसांचं पाणी. त्यांना त्यातला एक घोटही चालणार नव्हता. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ते पाणी बादलीबादलीनं लिंबाच्या मुळाशी ओतलं. ताईंनी स्वतःचं अर्धं टिपाड त्यांच्याकडं दिलं. ते घेताना वहिदाभाभींचे डोळे भरले.

"पद्मजाताई, बुरा मत मानो. पुढचा टँकर येईपर्यंत बघा. पुन्हा असं झालं तर तिला पाठवून द्या. मैं और क्या बोलूँ?"

पाठवायचं कुठं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी आता व्यापाऱ्याच्या उपयोगाची झाले होते.

दावं बांधून पाहिलं. डुकराची मान डोक्याहून जाड, दावं सुर्रकन निघून येतं. भिंत बांधावी, तर भिंतीला पाणी मारायचं कुठून? शेवटी ताईंनी आपल्या परीनं उपाय काढला. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी अंगणाच्या मधोमध ठसठशीत पांढरी रेघ ओढली. सणावाराला त्या तांदळाच्या पिठीची रांगोळी काढायच्या, तीच पिठी घेतली. मला रेघेपाशी उभं केलं आणि बोट दाखवून म्हणाल्या, "जांभळे, हिच्यापलीकडं जायचं नाही हं."

मी कुठं जातेय? मी तिथंच थांबले आणि अख्खी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत चाटून साफ केली.

समोरून विटा घेऊन चाललेल्या केसरबाई पाटी खाली ठेवून हसत सुटल्या. "पीठ टाकून डुकराला अडवता व्हय ताई? ह्ये तर पंगत वाढल्यागत झालं! तिला वाटंल, रोज हितं यायचं आन् पुढं जायचं."

"मग काय करू हो केसरबाई? मला कुठं डुकरं वळवायची माहिती?"

"मला हाय की. पर माझं ऐकायचं. मधी मधी 'माझं सोनं, माझं बाळ' करायचं नाय."

त्याच दिवसापासून केसरबाई जेवणाच्या सुट्टीत यायला लागल्या. बांधकामावरच्या फुटक्या विटा त्यांनी रेघेच्या जागी मातीत बसवल्या. हातात एक फळी घेतली. मी विटांपाशी आले की फळी माझ्या नाकासमोर आडवी. "थांब." मार नाही, ओरडणं नाही. डुकराला फळी दिसली की त्याला वाटतं, संपली वाट. थांबले की जमिनीवरच्या थाळीत दोन शेंगदाणे. "हातानं द्यायचं नाय ताई, बोटालाच शेंगदाणा समजंल." फळी आधी नाकासमोर, मग लांब, मग नुसतीच भिंतीला टेकलेली. सातव्या दिवशी फळी बांधकामावर राहिली आणि तरी मी थांबले. पण तेव्हा पलीकडं ओल नव्हती. सगळ्यांना धाकधूक तीच होती.

आठव्या दिवशी टँकर आला. पाइपाला चीर होती. वहिदाभाभींचं टिपाड भरता भरता बाजूला मऊ, काळा, गार चिखल झाला. मला वास आला आणि मी सुटले. ताईंनी डोळे मिटले. मुकुंदराव कचेरीला दांडी मारून घरी थांबले होते. ते "जांभळे!" म्हणून ओरडायच्या आत मी विटांपाशी पोचले होते.

पुढचे दोन पाय विटांवर आले. चिखल हातभर लांब. अंग आगीसारखं तापलेलं. मित्रांनो, खरं सांगते, मनात काय आलं ते मलाही सांगता येणार नाही. फळी नव्हती, केसरबाई नव्हत्या. मी थांबले.

"अगं, थांबली!" मुकुंदराव म्हणाले आणि थाळीत शेंगदाणे टाकायला धावले. ताईंनी डोळे उघडले तर पलीकडं वहिदाभाभी खाली बसलेल्या, तोंडाला ओढणी लावून. "अल्लाह का शुक्र है," त्या म्हणाल्या. "आठ दिवस मला झोप नाही ताई. मला तिला घालवायचं नव्हतंच हो. फक्त माझं पाणी हवं होतं."

मग त्या उठल्या. आतून तांदूळ धुतलेल्या पाण्याचं पातेलं आणलं. रेघेपाशी आल्या, दोन विटांमधली माती काडीनं उकरली आणि लांबूनच ते पाणी फटीतून इकडं सोडलं. "ले जांभळी. तेरा हिस्सा."

त्याला आता बरीच वर्षं झाली. आणखी एक मोठा दुष्काळ येऊन गेला. समोरची इमारत उभी राहिली, तिच्यामागं आणखी चार. अंगणात भिंत मात्र झाली नाही. आता माझे गुडघे दुखतात, अंगठ्यानं पोट खाजवायला मुकुंदराव खुर्ची जवळ ओढून घेतात, कुणी पाहिलं तरी.

मित्रांनो, पिल्लू गोंडस दिसतं म्हणून घरी आणू नका. ते मोठं होणार, त्याला सावली लागणार, पाणी लागणार. त्याला लहानपणीच वळण लावा, मार न देता. आणि ज्याला ते चालत नाही, त्याच्या दाराचा मान राखायला आधी तुम्ही शिका, मग पिल्लाला शिकवा.

आमच्या अंगणातल्या विटा आता मातीत पार बुडाल्या आहेत, कुणाला दिसतही नाहीत. मी तरी तिथंच थांबते. आणि तांदळाचं पाणी रोज दुपारी बरोबर तिथूनच येतं.