वर पोपटी, खाली सायीचा

हरिओम माझ्याकडे आला तो रंग विचारायला. मी ज्या शाळेत ग्रंथपाल होतो तिथला तो जुना विद्यार्थी. मी जुनी मासिकं कधी टाकून देत नाही, त्यांतल्या मोटारींच्या जाहिरातीसुद्धा जपतो, हे त्याला ठाऊक होतं.

"सर, आबांची फियाट काढलीय गोठ्यातून," तो म्हणाला. "पंचायत समितीच्या निवडणुकीचा फॉर्म भरायला त्याच गाडीतनं जायचंय. गाडी काळी हाय, पण बंकट पेंटर म्हणतो हा कंपनीचा काळा न्हाई. मूळ रंग कोणता असंल?"

"तुझे आबा कुठले?"

"उमापूरचे. विठ्ठलराव."

मी उठून कपाटापर्यंत गेलो आणि मासिकं चाळल्यासारखं केलं. त्या गाडीचा रंग सांगायला मला मासिकाची गरज नव्हती.

१९६८ साली मी नऊ वर्षांचा होतो. उमापूरच्या रस्त्याने आमची मेंढरं चालली होती. गाडी मागून आली. सात मेंढ्या गेल्या आणि माझ्या बापाचा, सुग्रीवचा, उजवा पाय गेला. गाडी थांबली नाही. मी बांधावर उभा होतो. पोलिसांना मी रंग सांगितला : वर पोपटी, खाली सायीचा. आसपास तशी गाडी एकट्या विठ्ठलरावांची होती. पण पुढे कोर्टाच्या आवारात ती आणून उभी केली तेव्हा नखशिखान्त काळी होती. त्यांच्या वकिलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गोड आवाजात विचारलं, "बाळ, हीच का ती गाडी?"

खरं बोल, असं बापाने घरून निघताना बजावलं होतं. मी खरं बोललो. म्हणालो, "न्हाई."

बाप कुबडीवर उभा होता. त्या दिवसाचा विषय त्याने पुन्हा कधी काढला नाही. मेंढरं विकून आम्ही बीडला आलो, आणि तो मरेपर्यंत एका सायकल स्टँडवर बिल्ले वाटत बसला. माझा मात्र माझ्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला तो उडालाच. कुठलीही गोष्ट पुस्तकात छापलेली दिसली की मगच मला खरी वाटते.

बंकटचं गॅरेज पालीच्या रस्त्याला आहे. मी हरिओमबरोबर गेलो. बंकटने दारावरची चकचकीत पट्टी पेचकसाने उचकटली. खाली बोटभर रुंदीची रेघ निघाली. तिचा वरचा अर्धा भाग पोपटी होता आणि खालचा सायीचा.

"हे काम पेंटरचं न्हाई," बंकट म्हणाला. "पट्टी न काढताच काळा मारलाय. घासलं न्हाई, खड्ड्यांत लांबी भरली न्हाई, काचंच्या रबरावर बी रंग उडालाय. कुनीतरी लई घाईत केलंय."

"कावून घाई केली असंल?" हरिओमने विचारलं.

"तुमच्या आबालाच इचारा की."

मी त्या रेघेवर बोट ठेवलं. सत्तावन्न वर्षांनी मला कळलं की मी बरोबर पाहिलं होतं.

हरिओमला शेंदरी रंग हवा होता, प्रचारात उठून दिसेल म्हणून. मी सहसा कुणाला सल्ला देत नाही. त्या दिवशी दिला. "जुन्या गाडीची किंमत मूळ रंगातच असते," मी म्हणालो. "आणि आबांना आधी सांगू नकोस. एकदम दाखव. खूश होतील."

बंकटच्या रंगपत्रिकेत चार पोपटी होते. चारही चूक. पट्टीखालचा रंग समोर ठेवून मी त्याला तीन दिवस मिश्रण करायला लावलं. एक थेंब पिवळा वाढव, आता हिरवा, आता पुरे. चाकांवर बारीक लाल रेघ होती. ती फिरताना मी पाहिली होती, तीही काढून घेतली. आतल्या रेक्झिनबद्दल मी बोललो नाही. पळत्या गाडीत मला फक्त आतल्या माणसाची पाठ दिसली होती. रेक्झिन हरिओमने तपकिरी निवडलं.

"सर, नवरी बघताना बी कुनी एवढं बारीक बघत न्हाई," बंकट म्हणाला.

उमापूरला वाड्यासमोर मांडव घातला होता. चाळीसेक कार्यकर्ते जमले होते. बंकट मोबाईल धरून उभा होता. केलेल्या प्रत्येक गाडीचा तो जाहिरातीसाठी व्हिडिओ काढतो. सत्त्याऐंशी वर्षांच्या विठ्ठलरावांना खुर्चीवर आणून बसवलं. मी अशी जागा धरली की त्यांचा चेहरा मला नीट दिसावा. तो पांढराफटक पडलेला मी कितीतरी दिवस मनात पाहत होतो.

गाडीवरचं कापड ओढलं. विठ्ठलरावांनी डोळे बारीक केले आणि ते हसले.

"आरं, ही तर माझी पोपटीन! हिला काळी कावून केली, ठावं हाय का बे तुमाला? त्या सुग्र्या धनगराची मेंढरं आडवी आलती. गेला त्याचा पाय. मी कशाला थांबतोय! घरच्या घरी काळा मारला. अन् कोर्टात त्याच्याच पोराला इचारलं, तर ते येडं म्हनलं, ही ती गाडी न्हाई!"

हसता हसता त्यांना ठसका लागला. चाळीस माणसं हसली. हरिओमही हसला.

मी चार वाक्यं पाठ करून गेलो होतो. त्यातलं एकही आठवलं नाही. "ते पोरगं मी," एवढंच हळू म्हणालो. ते फक्त शेजारी उभ्या हरिओमला ऐकू गेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं.

"काय म्हनत्यात मास्तर?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"काही न्हाई आबा," हरिओम म्हणाला. "नारळ फोडा."

तोवर माझं वैर एका म्हाताऱ्याशी होतं.

परतताना मी बंकटकडे व्हिडिओ मागितला. त्याने तो कानाशी धरून एकदा ऐकला. मग म्हणाला, "आवाज लई साफ आलाय सर," आणि पाठवून दिला.

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर चारशे बारा लोक आहेत. तिथे मी 'धन्यवाद' यापलीकडे कधी काही लिहिलं नव्हतं. व्हिडिओबरोबर टाकायला मी पानभर मजकूर लिहिला. भाषा बरी वाटेना, खोडला. पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. शेवटी दोनच वाक्यं ठेवली : यातला सुग्रीव माझा बाप. यातलं पोरगं मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिओम दारात उभा होता. चेहरा सुकलेला.

"सर, काढा ते ग्रुपवरून. पार मुंबईपर्यंत गेलंय. तुमच्या समाजाची तीन गावं माझ्या गणात हायती. तिकीट अडकलंय."

मी त्याला बसायला सांगितलं.

"आबांचं वय झालंय. त्यांना काय कळतं आता?"

"काल चांगलं कळत होतं."

"पण मी काय केलं? मी तर तवा जन्मलोबी नव्हतो."

समोरच्याचंच खरं असेल, असं वाटायची मला जन्माची खोड आहे. मी विचार केला. पण चाळीस माणसांत हसलेला त्याचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना.

"आबांना माफी मागायला लावतो," तो म्हणाला. "फोनवर. आत्ता. मग तर काढाल?"

"फोनवर नको. इथे घेऊन ये. त्याच गाडीतून. पुढच्या सीटवर बसव, काच खाली ठेव आणि बाजारातून आण."

"सर, लोक बघतील."

"हो."

त्याच्या हातातला मोबाईल दोनदा वाजला. त्याने उचलला नाही.

"कधी आणू?"

"रविवारी," मी म्हणालो. "गर्दी असते."