महारुद्र मिस्त्रींचा ओळंबा

मी पितळेचा ओळंबा. मला जीभ नाही, दोरी आहे. पण भिंत सरळ की वाकडी, हे माझ्याइतकं तोंडावर कुणी सांगत नाही.

परभणीच्या बाजारात एका ओताऱ्यानं मला घडवलं आणि बोरीच्या महारुद्र मिस्त्रींनी विकत घेतलं. नव्या कामाला ते आधी मला कुंकू लावत, मग विटांचा थरामागून थर माझ्याकडून तपासून घेत. गावातल्या दत्तरावांचं घर असंच उभं राहिलं. त्याची पश्चिमेची भिंत म्हणजे मिस्त्रींचा जीव की प्राण! पाहुणा आला की चहाआधी त्याला ती भिंत दाखवायला न्यायचे. मला हसू यायचं.

यंदा दत्तरावांना नातवंडांसाठी वर मजला चढवायचा होता. त्याआधी जुन्या घराची मोजणी करायला आली ती मिस्त्रींचीच लेक राजेश्री, आता इंजिनिअर झालेली; मिस्त्रीही तिच्यासोबत होते. टेपनं खोल्या मोजून झाल्यावर तिनं मला गच्चीवरून पश्चिमेच्या भिंतीलगत सोडलं. वाऱ्यानं झुलू नये म्हणून खाली पाण्याच्या बादलीत बुडवलं. मी थांबलो. दोरी वर भिंतीला चिकटलेली, खाली तीन बोटं लांब. भिंत बाहेर कलली होती.

दत्तराव बघतच राहिले. "महारुद्रा, तवाच वाकडी बांधलीस व्हय रं?"

मिस्त्रींचा चेहरा पडला. प्रत्येक थराला मी होतो; भिंत तेव्हा सरळच होती. पुढं मोरीचं पाणी पायाशी मुरत गेलं आणि खालची काळी जमीन खचली. पण मला हे कुठं बोलता येतं! मी फक्त आजचं सांगतो.

राजेश्रीची पेन्सिल थांबली. "बाबा, हे लिहिलं तर मजला व्हायचा न्हाई. अन् गाव तुमाला नावं ठेवंल."

मिस्त्रींनी भिंतीवर हात ठेवला.

"ठेवू दे. वर लेकरं झोपणार हायत. लिही."

तिनं आकडा लिहिला. डोळे पुसले, मग भिंतीच्या पायाशी मुरलेली ओल बघून खाली मोरीच्या पाण्याचंही लिहिलं. मजला थांबला. गावात मात्र अजून 'महारुद्रची वाकडी भिंत' असंच म्हणतात, आणि ते मला फार लागतं.

त्या दिवशी मिस्त्रींनी मला उपरण्यानं कोरडं केलं आणि लेकीच्या पिशवीत ठेवलं. आता मी तिथंच असतो. तुमच्या घरावर मजला चढवायचा झाला, तर आधी मला बोलवा. मी खरं तेच सांगेन. 'लिही' म्हणणारं माणूस मात्र तुमच्या घरात हवं.