हौशी गोलकीपर

खोकल्याची ती गोळी क्लबच्या वकिलाच्या डाव्या गालातून उजव्या गालात गेली, दातांवर टक्कन आपटली, आणि साक्षीला उभ्या असलेल्या तिला शिसारी आली. गोळी चघळतच तो म्हणाला, “म्हणजे तुम्ही हौशी खेळाडू.”

हौशी... शब्द त्याच्या तोंडातून ओला होऊन आला. हौशी म्हणजे सुट्टीच्या दिवशी चित्रं रंगवणारी शेजारची काकू. ती स्वतः तर क्लबच्या हॉकी संघाची गोलकीपर होती — होती! — कधी झोपायचं, काय खायचं, वहिनीच्या बाळंतपणाला जायचं की नाही, सगळं क्लब ठरवायचा, महिन्याला थोडं मानधनही द्यायचा. सरावात गुडघा पिरगळून निकामी झाला, ऑपरेशनची गोष्ट निघाली, तेव्हा मात्र ती एकाएकी कुणाचीच कुणी राहिली नाही. कामगार न्यायालयाच्या या कोंदट खोलीत एवढंच ठरायचं होतं, ती क्लबची नोकर की हौशी. नोकर ठरली तर क्लबला तिच्यावर उपचार करावे लागणार होते, म्हणजे ती पुन्हा धड चालणार होती. आपण नोकर ठरावं म्हणून जीव टाकायचा... शी!

समोरच्या बाकावर कोच बसले होते, क्लबच्या बाजूनं. मघाशी साक्षीत मान खाली घालून म्हणाले होते, “सक्ती कसली? पोरी आपल्या आवडीनं यायच्या.” हेच कोच एकदा ती तापानं फणफणलेली असताना दारात येऊन उभे राहिले होते — “बाळ, ताप मैदानावर उतरतो, चल.” आणि ती गेली होती. त्या ‘बाळ’साठीच गेली होती बहुतेक.

“एकच सांगा, ताई,” वकील म्हणाला, “क्लबनं छदामही दिला नसता, तरी तुम्ही खेळला असता की नाही?”

‘नाही म्हणा, पुढे एक शब्द बोलू नका,’ तिच्या वकीलबाईंनी बजावलं होतं. सोपं होतं. पण तेवढ्यात — ओलं गवत, सणसणत येणारा चेंडू, डोळ्यांना दिसण्याआधीच तिकडे झेपावलेलं अंग, पॅडवर धप्पकन झालेला तो आवाज आणि घशातून आपसूक फुटलेली आरोळी... त्या आरोळीचे पैसे कुणी दिले होते?

“नाही,” ती म्हणाली. “नसते खेळले.”

कोचनी मान वर करून पाहिलं, दुखावल्यासारखं. त्या नजरेची तिला किळस आली. मग स्वतःच्या तोंडाची.

निकाल नंतर लागणार होता. जिना उतरताना दादानं तिला दंडाला धरलं होतं. “अगं, त्यालाच विचारायचंस ना, वकिली आवडते का म्हणून! आवडते तर फी कशाला घेतोस बाबा?” आपल्याच विनोदावर तो खूश झाला. तीही हसली, त्याच्यासाठी.

रस्त्यापलीकडच्या शाळेच्या मैदानात मुली खेळत होत्या. एक चेंडू कुंपणाकडे जोरात आला, आणि तिचं अंग आपोआप डावीकडे झुकलं. गुडघ्यातून कळ गेली.

“दुखलं का गं?”

हे झुकणं तिचं होतं, की शिट्टी ऐकून उठणाऱ्या कुत्र्यासारखं क्लबनं तिच्या अंगात घालून ठेवलेलं? पूर्वी तिनं छातीठोक सांगितलं असतं. रस्ता ओलांडून ती कुंपणाच्या जाळीला धरून उभी राहिली. तिला तो खेळ बघायचा होता, आणि ओकारीही येत होती. आणि दोन्ही एकाच जागेतून वर येत होतं.